नाव जुळलं तरच हात लावायचा

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक कपाट आहे. त्यात बिघडलेले माउस पडलेत. कुणी मुद्दाम साठवलेले नाहीत, पण टाकून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. त्यामुळे दर वेळी कपाट उघडलं की आधीपेक्षा एखादा जास्तच निघतो, आणि एक ओढला की वायरीत गुंतलेले आणखी तीन बाहेर येतात. लॅबमधल्या किश्शांचंही तसंच झालंय! एक सांगायला घ्यावा, तर त्याला अडकून दुसरा येतो. मला चार जणांत सांगता येत नाही, मध्येच आवाज बारीक होतो. म्हणून लिहून काढलेत. तुम्ही बाकावर शेजारी बसलाय असं समजून लिहिते, म्हणजे सोपं जाईल.

आधी ओळख करून देते. लॅबमध्ये बारा मशीन आहेत, सगळी जुनी. त्यांच्यावर दुसरं काही चालेना, म्हणून शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं लिनक्स टाकून दिलं, प्रत्येक मशीनला जिल्ह्यातल्या एकेका किल्ल्याचं नाव दिलं आणि तो पुण्याला नोकरीला निघून गेला. तेव्हापासून लॅब चौगुले सरांकडे आहे. सर भूगोल शिकवतात. लॅब त्यांच्याकडे का? तर त्यांनी एकदा शाळेच्या घंटेची वायर जोडली होती!

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच मुली लॅबमध्ये थांबतो. त्यात माझी मैत्रीण सानिका असते, म्हणजे तिचा आवाज आधी असतो, मग ती असते. काम एकच, मशीन अपडेट करणं. प्रत्येक मशीनमध्ये पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. आत काय काय बसवलंय त्याची नावानिशी यादी तो ठेवतो. नवं आणणं, जुनं बदलणं, नको ते काढणं, सगळं त्याच्या हातून होतं. सानिका त्याला कारभारी म्हणते. दर आठवड्याला नेटवर एक नोटीस येते, की अमुक नावाच्या पॅकेजमध्ये दोष सापडलाय, तमुक नंबरच्या आधीचं असेल तर बदला. सर ती नोटीस छापतात आणि फळ्याशेजारी टाचणीनं लावतात. "स्क्रीनवरचं उडून जातंय. कागूद कुठं जातोय?" असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही पेन्सिल घेऊन मशीनपुढं बसतो, कागदावरचं नाव मशीनमधल्या यादीत शोधतो, नंबर ताडून बघतो, आणि शेवटी कारभाऱ्याला सांगतो, "आता सगळं बदल." मग रजिस्टरमध्ये टिक. सरांचा नियम कडक आहे, "नाव जुळलं तरच हात लावायचा!"

एवढी काळजी कशाला? कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. दिवाळीनंतर संस्थेचे तपासनीस येणार. बाराच्या बारा मशीन अपडेट आहेत असा शेरा मिळाला तर लॅब राहील. नाही तर मशीन भंगारात आणि खोली गॅदरिंगच्या सामानाला! माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. माझ्यासाठी शनिवारचे ते दोन तासच काय ते आहेत.

०००

सुरुवातीची गोष्ट. एका नोटिशीतलं नाव आम्हाला कुठल्याच मशीनमध्ये सापडेना. सानिकानं बारा वेळा टाइप केलं, कारभाऱ्यानं बारा वेळा सांगितलं, असं काही नाही. सर खूश!

"न्हाय ना? बरं झालं. दुखणंच न्हाय तर औषध कशाला? लिव्हा 'नाही'."

पुढच्या शनिवारी तेच नाव पुन्हा आलं. पुन्हा बारा 'नाही'. तिसऱ्या शनिवारीही आलं, तेव्हा मला चैन पडेना. मी नोटीस खालपर्यंत वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की वरचं नाव मूळ गठ्ठ्याचं आहे. त्या गठ्ठ्यातून जी पॅकेजं तयार होतात त्यांची नावं वेगळी असतात, आणि मशीनच्या यादीत ती वेगळी नावं असतात!

हे सरांना तोंडानं सांगणं मला काही जमलं नसतं. मी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली सरकवली. सरांनी ती उघडली आणि वर्गात धडा वाचतात तशी मोठ्यांदा वाचली, "सर, नोटिशीत घराण्याचं नाव असतं. मशीनमध्ये माणसांची असतात."

मग म्हणाले, "कुणी लिवलंय हे?"

चौघींनी माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे बघितलं.

आम्ही पुन्हा शोधलं. एकेका मशीनमध्ये त्या गठ्ठ्यातली सात-सात पॅकेजं निघाली, सगळी जुनी! कागलकडं सरांचा दोन एकर ऊस आहे. ते म्हणाले, "म्हंजे कारखान्यानं नोटीस काढली, अमक्या वाणावर तांबेरा पडलाय. मी शेतात गेलो, त्या वाणाच्या नावाची पाटी शोधली. पाटी दिसली न्हाय, म्हणून तांबेरा बी न्हाय म्हणून घरी येऊन चहा पिलो!"

आणि हळूच म्हणाले, "दोन आठवडं पिलो."

०००

त्यानंतर सर प्रत्येक नोटिशीखाली हिरव्या शाईनं त्या गठ्ठ्यातली सगळी नावं लिहू लागले. एका आठवड्यात मूळ नाव अगदी छोटं होतं, तीनच अक्षरांचं. सर सानिकाला म्हणाले, "ह्या नावाचं काय काय हाय ते बघ, आणि सगळं छाप. मी निवांत बघतो."

सानिकानं कारभाऱ्याला शोधायला सांगितलं. त्याची शोधायची पद्धत अशी, की ती तीन अक्षरं नावाच्या सुरुवातीला असोत, मध्ये असोत, शेवटी असोत, नाही तर पॅकेजच्या वर्णनात कुठं तरी असोत, तो सगळ्यांना रांगेत उभं करतो. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. घटक चाचणीसाठी आणलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा अर्धा संपला!

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी ट्रेमधला गठ्ठा उचलून बघितला. "चौगुले सर, कादंबरी लिहिताय की काय?"

"न्हाय बाई," सर म्हणाले, "अजून नुसती पात्रं गोळा करतोय."

०००

तारकेची गोष्ट तर शाळेत सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेक जण ती चुकीची सांगतात. मी तिथंच होते.

रांगणा नावाच्या मशीनवर पाचवीची मुलं तासाला एक गेम खेळत बसायची, सुरुंग शोधायचा. सर वैतागले. "सानिका, ती गेम काढून टाक."

गेमचं नाव लांबलचक होतं. सानिकाला कंटाळा आला. तिनं पहिली पाच अक्षरं टाइप केली आणि पुढं तारका दिली. तारका म्हणजे, इथून पुढं काहीही असलं तरी चालेल. पण ज्यांनी ती गेम केली होती, त्यांनीच मशीनचा सगळा डेस्कटॉप केला होता. आणि आपल्या प्रत्येक वस्तूच्या नावापुढं त्यांनी तीच पाच अक्षरं लावली होती. घड्याळ, फायलींची खिडकी, खालची पट्टी, सगळ्याला!

कारभाऱ्यानं भली मोठी यादी दाखवली आणि विचारलं, एवढं सगळं काढू का? हो की नाही?

सानिका थबकली. "सर, लई नावं आल्यात."

सर उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुझं नाव जुळलं का त्यात?"

"गेमचं व्हय? जुळलं की."

"मग? इतकं विचारतोय बिचारा, तर हो म्हण की!"

सानिकानं हो म्हटलं. दोन मिनिटांत चित्र गेलं, बटणं गेली, बाण गेला. काळ्या स्क्रीनवर एक पांढरी रेघ तेवढी उघडमीट करत राहिली. सर उठून आले, कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडे बघत राहिले.

"गेम गेली का पण?"

"गेली, सर."

"मग झालं की काम!"

रांगणा पुन्हा उभा करायला आम्हाला दोन शनिवार लागले.

०००

नाव जुळलं की नंबर बघायचा, हे मी सांगितलंच. नोटिशीत लिहिलं होतं, १.१० च्या आधीचं असेल तर बदला. पन्हाळा मशीनमध्ये होतं १.९. सानिकानं लगेच टिक केली. "आपलं पुढचंच हाय. एक पूर्णांक नऊ दशांश मोठं, एक पूर्णांक एक दशांश लहान!"

मला तेही बरोबरच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण कारभारी ऐकेना. तो म्हणे, १.९ जुनं आहे, बदलायला हवं. सर म्हणाले, हा गणिताचा प्रश्न आहे, आणि त्यांनी गणिताच्या बाईंना बोलावलं.

बाई आल्या, त्यांनी स्क्रीन बघितला आणि त्यांना रागच आला. "एक पूर्णांक एक दशांश मोठं? कुणी शिकवलं याला?"

सरांनी समजावायचा प्रयत्न केला. "बाई, ते दशांशचिन्ह न्हाय. पुस्तकात कसं, पहिल्या धड्यातला नववा प्रश्न, मग पहिल्या धड्यातला दहावा प्रश्न. तसं हाय ते."

"मग मध्ये टिंब कशाला दिलं?"

बाईंनी आम्हा पाचही जणींकडे बोट रोखलं. "लॅबमध्ये तुमचे सर सांगतील ते लिहा. पण माझ्या पेपरात १.१० मोठं लिहिलंत, तर मी पण शून्यच देईन. आणि त्यात टिंब नसेल!"

०००

ही अगदी लहान आहे. भुदरगड मशीनमध्ये एकाच नावाची दोन पॅकेजं निघाली. फक्त एकाच्या नावाला शेवटी काही अक्षरांचं शेपूट होतं, जुन्या पद्धतीच्या एका प्रोग्रॅमला लागतं म्हणून. मी एकालाच अपडेट करायला सांगितलं, तर कारभारी दोघांनाही घेऊन आला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. मला वाटलं, माझंच काही तरी चुकतंय.

सानिकानं डोकावून बघितलं. तिच्या घरी दोन जुळ्या धाकट्या बहिणी आहेत.

"बरोबर करतोय की त्यो," ती म्हणाली. "एकीला फ्रॉक घेऊन दुसरीला घेतला न्हाय, तर घरात कोण राहील काय!"

०००

शकुंतलामावशी आमच्या शाळेत साफसफाई करतात. शनिवारी आमचं काम चालू असतं तेव्हा त्या खुर्च्यांखालून झाडू फिरवतात आणि सगळं ऐकतात. कॉम्प्युटरला त्यांनी अजून हात लावलेला नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे.

एकदा नोटिशीत आलं, की एका पॅकेजचं नाव बदललंय. जुन्या नावाचं जे आहे ते आता नुसतं खोकं, आत काही नाही. त्याचं काम एवढंच, की कुणी जुन्या नावानं हाक मारली तर नव्याला पुढं करायचं. मावशी लगेच थांबल्या. "माझं बी तसंच झालंय. म्हायेरचं नाव कागदावर, सासरचं तोंडावर. बँकेत कुठल्या नावानं हाक मारतील त्याला ओ द्यायची."

सरांना रिकाम्या वस्तू आवडत नाहीत. "खोकंच हाय ना? मग अडगळ कशाला? काढा."

आम्ही बाराही मशीनवरून खोकं काढायला सांगितलं. कारभाऱ्यानं निमूट काढलं. आणि लगेच खाली एक ओळ आली, की नव्या नावाचं पॅकेज आता कुणालाच लागत नाही असं दिसतंय, तेही काढून टाकू का? कारण ते मशीनमध्ये आलं होतं ते जुन्या नावाच्या मागोमाग. त्याला स्वतःहून असं कुणी बोलावलंच नव्हतं! सर म्हणाले, "नको असंल तर काढा." ते गेलं, आणि बारा मशीनवरचं चित्रं काढायचं काम बंद पडलं.

सर डोक्याला हात लावून बसले. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

"असं कुठं असतंय व्हय, सर? सासू गेली, म्हणून सुनंला बी घराबाहेर काढलासा!"

०००

आता शेवटची.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी शाळेत नव्हते. हुपरीला माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं. आमच्यात प्रत्येकीकडे ठरलेली मशीन असतात. माझ्याकडे दोन, त्यातलं कोपऱ्यातलं सामानगड म्हणजे सगळ्यात हळू. जाताना मी सानिकाला बजावून सांगितलं होतं, माझी दोन्ही बघ.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत कळलं, की पुढच्या आठवड्यात येणारे तपासनीस आजच आलेत! ऑफिसात चहा घेतायत. मी मान न वळवता सानिकाला विचारलं, "माझी मशीन केलीस ना?"

"केलो की. दोन्हीवर टिक हाय बघ रजिस्टरात."

"आणि अपडेट?"

"एकाचं केलो. सामानगड लई वेळ खात हुतं, म्हणून त्याची नुसती टिक केलो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आज येतील असं काय माहीत मला! येत्या शनवारी करणारच हुतो की."

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. माझ्या कानात फक्त बाराच्या बारा, बाराच्या बारा एवढंच वाजत होतं. धावत लॅबकडे गेले, तर कुलूप. किल्ली सरांकडे आणि सर ऑफिसात.

दुसऱ्या तासाला आम्हा पाच जणींना लॅबमध्ये बोलावलं. ज्या मुलींनी मशीन सांभाळली त्या दाखवायला हजर असाव्यात, असं मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. तपासनीस साहेब उंच होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. त्यांनी फळ्याशेजारची नोटीस काढून हातात घेतली. खाली सरांच्या हिरव्या शाईत नऊ नावं होती.

"ही या आठवड्याची?"

"व्हय साहेब, परवाच लावलीय."

"ठीक. ही नावं मला मशीनवर दाखवा."

सर पन्हाळ्यापुढं बसले. सकाळीच दाढी केलेली असावी, चेहरा चकचकीत होता. त्यांनी कारभाऱ्याला ताजी यादी आणायला लावली आणि अपडेट करायला सांगितलं. स्क्रीनवर आलं, अपडेट करायची पॅकेजं शून्य.

"शून्य?" साहेब म्हणाले.

"शून्य, साहेब!" सर छाती काढून म्हणाले.

"यातलं एकही नाव नाही?"

"एकबी न्हाय!"

साहेबांनी वहीत काही तरी लिहिलं. सरांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. पुढं विशाळगड. शून्य. रांगणा. शून्य. सर प्रत्येक शून्याला जास्तच खूश होत होते आणि साहेबांचा चेहरा प्रत्येक शून्याला लांब होत होता. भुदरगडपाशी सरांच्या ते लक्षात आलं.

"साहेब, शून्य म्हंजे सगळं झालंय."

"काय झालंय? दाखवा."

"झालंय म्हणून तर दिसत न्हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चौगुले सर, मी कितीतरी शाळा तपासतो. 'झालंय म्हणून दिसत नाही' असं मला सगळीकडे सांगतात. स्वच्छतागृहांबद्दलसुद्धा!"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सरांनी रजिस्टर दाखवलं, टिका दाखवल्या. साहेब म्हणाले, "टिक पेन्सिलीनंही होते." सानिकानं खाली मान घातली. अकरा मशीन झाली, वहीत एकाखाली एक अकरा शून्यं. राहिलं फक्त कोपऱ्यातलं.

चिठ्ठी लिहायला वेळ नव्हता. मी सरांच्या जवळ गेले. माझाच आवाज मला परका वाटला.

"सर, सामानगड अपडेट नाही. माझं मशीन आहे. राहून गेलंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. पण ते इतक्या हळू बोलले, की सरांना हळू बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं. "असू दे बाळ. आता लपवून काय करायचं? चालू कर."

साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले. मी यादी ताजी केली आणि अपडेटची आज्ञा दिली. स्क्रीन भरून नावं आली! कारभाऱ्यानं विचारलं, एवढी सगळी बदलू का? मी सरांकडे बघितलं. सरांनी डोळे मिटून मान हलवली. मी हो म्हटलं.

एकेक नाव खालून वर सरकू लागलं. साहेब पुढं वाकले. त्यांनी हातातली नोटीस स्क्रीनशेजारी धरली आणि हिरव्या शाईवर बोट ठेवलं.

"हे बघा, हे आलं. हे पण आलं! थांब, थांब मुली, हळू... हे तिसरं. जुळतंय!"

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. एकेका नावावर बरोबरची खूण करू लागले. सहा झाली, सात झाली. मोठ्या बाई खिडकीपासून जवळ आल्या. नववं नाव यायला सामानगडनं जरा वेळ लावला, तेव्हा तर साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते! "आलं! नऊच्या नऊ!"

सरांना राहवेना. खरं बोलायची सवय. "साहेब, खरं सांगायचं तर हे एकच मशीन मागं राहिलंय."

"मागं?" साहेब हसले. "अहो, हे तर सगळ्यांच्या पुढं आहे!"

त्यांनी शेरेबुक मागवलं, उभ्यानंच लिहिलं, खाली सही केली आणि मोठ्या बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते आधी मनात वाचलं. मग आमच्याकडे बघितलं. मग चष्मा पुसून मोठ्यांदा वाचलं.

"लॅब चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र अकरा मशीन काहीच काम करत नाहीत, असे आढळून आले. त्यांनी सामानगडचा आदर्श घ्यावा."